पायापुरता कडता

हदगावहून लातूरला शिकवणीच्या धंद्यात आलो, तेव्हा खोली बघायला एका घरी गेलो. घरमालकांनी मला ना गाव विचारलं, ना जात, ना पगार. दारातच उभं करून म्हणाले, "क्लासला काय शिकवताव तुमी?"

"फिजिक्स."

"म्हणजे इजेचं?"

"त्यात इजेचंही असतं."

"मग आत या की! भाईर कामून उभारलाव?"

आणि चहा यायच्या आधी माझ्या हातात विजेचं बिल. मालक समोर मांडी ठोकून बसले. "हे सांगा. स्थिर आकार म्हणजे काय?"

आता मी पोरांना तारेतून वीज कशी वाहते ते झोपेतही सांगीन. पण हे काही आमच्या पुस्तकात नव्हतं. चाचरत म्हणालो, "म्हणजे बघा, वीज वापरा नाहीतर वापरू नका, कनेक्शन आहे म्हणून द्यायचे पैसे."

"म्हणजे मी हाटेलात गेलो, काई खाल्लं न्हाई, निस्तं बाकड्यावर बसून उठलो, तरी बिल?"

"तसंच काहीतरी."

"आन हा वहन आकार?"

"वीज तिकडून इकडं आणायचा खर्च."

"हमाली!" मालकांनी मांडीवर अशी थाप मारली की चहा घेऊन येणाऱ्या काकू दचकल्या. "हमाली म्हणा की सरळ! पण सर, इज तारंतून आपली आपण येती ना? का पाठीवर घेऊन येतेत? हमाल दाखवा मला. एक हमाल दाखवा, आत्ता पैसे देतो."

मला हमाल दाखवता आला नाही. माडीवरची खोली मात्र मिळाली. बायको रात्री सामान लावता लावता म्हणाली, "हे बुवा रोज तुमची परीक्षा घेऊन राहणार, सांगून ठेवते." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

मालक म्हणजे उंच, सडपातळ, पांढरं धोतर, पांढरा सदरा, कानाला अत्तराचा फाया. जन्मभर मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका आडत पेढीवर मुनीम होते. आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून द्यायचा, आपलं कमिशन कापायचं आणि उरलेले पैसे आणि हिशेबाची चिठ्ठी, म्हणजे पट्टी, त्याच्या हातात ठेवायची. पट्टीवर हमाली, तोलाई, धर्मादाय आणि काय काय कापलेलं असायचं. त्यातच एक असायचा कडता. पोत्याचं वजन, मालातला कचरा, माल वाळून होणारी तूट, असल्या नावाखाली दर पोत्यामागं थोडा माल वजनातून कमीच धरायचा, तो कडता. आता तो बंद झालाय म्हणतात. मालक मात्र त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की त्यांच्या तोंडावर तेज यायचं.

"सर, माझ्या पट्टीला कुण्या शेतकऱ्यानं कधी बोट लावलं न्हाई. अक्षर बघून मानूस खूश व्हायचा आन पैसे मोजून निघून जायचा."

"विचारायचे नाहीत का, हे कशाचं, ते कशाचं?"

"कामून इचारतील? इश्वास म्हणत्यात त्याला."

हे सांगताना हातात त्या महिन्याचं विजेचं बिल असायचं, आणि पुढच्याच वाक्याला ते वीज कंपनीला लुटारू म्हणायचे. दोन्ही गोष्टी त्यांच्या तोंडात गुण्यागोविंदानं नांदायच्या.

बिल आलं की घरात सुतक. मालक ते बाजेवर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवायचे, म्हणजे अडकित्ता, चुन्याची डबी, औषधाची बाटली आणि काकूंचा चष्मा. काकूंना मग दिवसभर दिसायचं नाही. हातात भिंग घेऊन ते वरून खाली एकेक ओळ वाचायचे आणि मोंढ्याच्या भाषेत तिचा अर्थ लावायचे. वीज शुल्क म्हणजे सरकारचा धर्मादाय. इंधन समायोजन आकार आला की मला वर हाक. "सर, खाली या! हे ऐका. मागच्या म्हैन्यात भाकर खाल्ली, पैसे दिले, ढेकर बी दिली. आता मनायलेत, जवारी महाग झाली होती, फरक द्या. ढेकर वापस करू का?"

मी हसायचो. बायको मात्र हसायची नाही, आणि त्याला कारण होतं. दर महिन्याच्या एक तारखेला मालक आमच्या हातात भाड्याची चिठ्ठी द्यायचे. अक्षर मोत्यासारखं. भाडं, मोटरीचे, जिन्याच्या दिव्याचे, टाकी धुण्याचे, आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, "किरकोळ".

पहिल्याच महिन्यात बायकोनं विचारलं, "मालक, हे किरकोळ म्हणजे काय हो?"

"किरकोळ म्हणजे किरकोळ, वैनी."

"हो, पण कशाचं?"

"आवो, मोठं असतं तर सांगितलं नसतं का?"

ती वर आली ती धुमसतच. "ह्या माणसाला वीजवाले लुटून राहिले ना, लुटू द्या! देव आहे!" मी म्हटलं, जाऊ दे, पाण्याच्या गावात राहायचं नाही आपल्याला, लातुरात राहायचंय. इथं बोअरला पाणी असलेलं घर मिळणं म्हणजे नवस फळणं. तिनं किरकोळ दिलं. दर महिन्याला दिलं, आणि दर महिन्याला विचारलंही. उत्तर तेच.

आता मुख्य गोष्ट.

एका उन्हाळ्यात मालक आणि काकू लेकीकडे गेले, आम्ही हदगावला. घर महिनाभर बंद. येऊन बघतात तर दाराच्या फटीत बिल. विजेचा वापर शून्य आणि तरी बिल आहेच. मालकांनी ते उन्हात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग एकदम शांत झाले. त्यांचं शांत होणं वाईट असायचं. धोतर नीट केलं, फाया बदलला आणि मला म्हणाले, "सर, चला. साक्षीदार लागंल."

ऑफिसात खिडकीपाशी एक पोरसवदा बाबू बसला होता. चेहरा बिचारा रडवेला, सकाळपासून शिव्या खाल्लेला. मालकांनी बिल पुढं केलं. "बंद घराचं बिल हाय हे. कुलूप काय इज खातं का?"

"काका, स्थिर आकार हाय तो. सगळ्यांलाच लागतो."

"पर कशाचा?"

"आता ते वरूनच हाय, काका. आमच्या हातात काय न्हाई."

"वर कुठं?"

बाबूनं बोट वर केलं. मालकांनी वर पाहिलं. वर पंखा होता, गरागरा फिरत होता. मालक म्हणाले, "हा बी आमच्याच पैशावर फिरायलाय," आणि खाली वाकून पायातल्या चपला काढल्या. दोन्ही चपला खिडकीच्या कट्ट्यावर बाबूच्या नाकासमोर ठेवल्या आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा स्थिर आकार निघंस्तोवर मी पायात चप्पल घालणार न्हाई. आण हाय माझी!"

रांग थक्क. एक म्हातारा तर टाळ्या वाजवायला लागला. बाबू हात जोडून म्हणाला, "काका, आण घ्या, पर चपला इथं ठिवू नका. साहेब मला बोलतील."

शेवटी त्या चपला पिशवीत घालून मीच घरी आणल्या. वैशाखातलं लातूर, डांबर पातळ झालेलं, आणि मालक सावलीतून सावलीत उड्या मारत चालले होते. मी म्हटलं, "मालक, निदान आजच्या दिवस घाला." ते म्हणाले, "सर, आण उद्यापासून चालू करायला मी काय सरकार हाव का?"

तिथून पुढं गल्लीला करमणूक झाली. मालक अनवाणी भाजी आणायला, अनवाणी बँकेत, अनवाणी लग्नाला. मोजे चालतात का, यावर पारावर तकरार झाली. मालकांनी स्वतःच निकाल दिला की मोजा ही चप्पल नाही, पण घातला तर लोक म्हणतील पळवाट काढली, म्हणून मोजाही नाही. देवळात गेले की बाहेर चपलांची चिंता करणाऱ्या लोकांकडं बघून म्हणायचे, "माझं ध्यान बघा कसं एकदम देवाकडं." वीज कंपनीला या उपोषणाचा, म्हणजे अनवाणी राहण्याचा, काही पत्ता नव्हता. बिल दर महिन्याला येत होतं, स्थिर आकार आपल्या जागी स्थिर होता.

हसायचं ते हसून झालं, पण एक दिवस काकू जिना चढून वर आल्या. काकू कधी वर यायच्या नाहीत, गुडघे दुखायचे. पायरीवर बसून पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "सर, ह्यांना शुगर हाय."

आम्हाला माहीत नव्हतं.

"लई वर्षांची हाय. डाक्टर मनले, पायाला जपा. तळव्याला काई लागलेलं कळत न्हाई ह्यांना. माझ्या भावाचं असंच झालतं, अंगठ्याला जखम झाली आन पाय गेला. गुडघ्यापासून." त्यांनी पुन्हा पदरानं तोंड पुसलं. "तुमी शिकलेले हाव. कायतरी तोड काढा. मी सांगितलं तर मनतेत, बायकांना आण कळत न्हाई."

त्या दिवसापासून माझं हसू पळालं. बायकोचंही. रोज संध्याकाळी काकू त्यांचे पाय परातीत धुवायच्या आणि दिव्याखाली धरून तळवे तपासायच्या. मालक छताकडं बघत बसायचे.

मी तोड काढायचे सगळे प्रयत्न केले. म्हटलं, ग्राहकांच्या तक्रारीचा अर्ज देऊ, तोवर आण तहकूब. "तहकुबी कोर्टात असती, सर." म्हटलं, आण मागं घ्यायला शास्त्रात काही विधी असेल. हे पटलं. एका गुरुजींकडं गेलो. गुरुजी म्हणाले, आहे, प्रायश्चित्त आहे, आणि दक्षिणा सांगितली. मालक राजी झाले. मग गुरुजी म्हणाले, साहित्याचे वेगळे. बरं. ब्राह्मण दोन लागतील, त्यांच्या येण्या-जाण्याचे वेगळे. इथं मालकांचे डोळे बारीक झाले. "वहन आकार?" असं म्हणून उठले ते तडक बाहेर. आण आता दुप्पट घट्ट झाली.

पावसाळा गेला, थंडी आली, आणि आली येळवस. आमच्या हदगावकडं हा सण नाही, म्हणून सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं लातूर शहर कुलूप लावून शेतात जातं. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. शेतात कडब्याची कोप उभी करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा होते आणि मग पंगती. भज्जी, आंबील, उंडे, खीर, शेंगादाण्याच्या पोळ्या. ज्याला शेत आहे तो बोलावतो, ज्याला नाही तो जातो. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हात धरून बसवतात. माझ्या क्लासमधल्या एका मुलीच्या वडिलांचं औशाकडं शेत होतं. पाण्याचं शेत, दारात ट्रॅक्टर, मोठा बागायतदार माणूस. त्यांनी मला बोलावलं होतं. मी मालकांना म्हटलं, तुम्हीही चला. मालक म्हणाले, "येळवसंला बोलावणं लागत न्हाई," आणि काकूंच्या आधी रिक्षात जाऊन बसले.

शेताच्या बांधावरच ते बागायतदार उभे होते. मला "या सर" म्हणाले, मग मागून उतरणाऱ्या मालकांकडं पाहिलं आणि एकदम ओरडले, "मुनीमजी! आवो, मुनीमजी न्हवं का तुमी?"

मालकांची छाती फुगली. "वळखलंव का?"

"वळखनार न्हाई? माझा बाप तुमच्याच पेढीवर पोती आणायचा. मग मी."

मालक माझ्याकडं वळले. "बघा सर. आजून वळखतेत." आणि त्यांना म्हणाले, "सांगा ह्या सरांना. माझ्या पट्टीला कधी बोट लावलंव का तुमी?"

"न्हाई बा. कामून लावू?" बागायतदार हसले. मग त्यांची नजर पायांकडं गेली. "चपला कुठं ठिवल्या?" मी थोडक्यात आणेची हकिकत सांगितली. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि आम्हाला कोपीकडं घेऊन गेले.

पूजा झाली, जेवायला बसलो. मालक तीन वाट्या आंबील प्याले. इथवर सगळं छान होतं. पण जेवल्यावर त्यांना पलीकडच्या बांधावर विहिरीच्या मोटरीची पेटी दिसली. मीटर दिसलं की हा माणूस थांबणार कसा! "जरा बघून येतो, ह्यांना काय काय आकार लावतेत," म्हणत निघाले. मधल्या पट्टीत नुकतीच तूर कापलेली, धसकटं वर आलेली, सुयांसारखी. काकू ओरडल्या, मी ओरडलो. मालकांनी मागं न बघता हात हलवला. पेटीपाशी पोचले, आत खोचलेलं बिल डोळे बारीक करून वाचलं, आणि तिथूनच मोठमोठ्यानं भाषण देत परत आले.

"शेताच्या मोटरीला बी स्थिर आकार हाय बरं का सर! सोडत न्हाईत कुणालाच! अंधेर हाय निस्ता!"

काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या मालकांकडं बघत नव्हत्या, मालकांच्या मागं बघत होत्या. वाटेवरच्या पांढऱ्या फुफाट्यात एकाआड एक लाल पाऊल उमटलेलं होतं.

"आवो," काकू म्हणाल्या आणि वाटेकडं बोट केलं.

मालकांनी मागं वळून पाहिलं. "हे कुणाचं?" असं विचारलं त्यांनी. खरंच विचारलं. त्यांच्याच डाव्या तळव्यात धसकटाचा बोटभर तुकडा रुतला होता आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं.  मालकांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा भ्यालेला पाहिला.

बागायतदारांनी त्यांना बाजेवर बसवलं, धसकट हळूच ओढून काढलं, बिंदगीतल्या पाण्यानं जखम धुतली, आपलं नवं कोरं उपरणं टर्रकन फाडून बांधलं. मग स्वतःच्या पायातल्या वहाणा काढून बाजेखाली ठेवल्या. "घाला. मी गाडी काढतो, दवाखान्यात जाऊ."

मालक हळू आवाजात म्हणाले, "आण हाय."

काकू आता रडत होत्या. बागायतदार उकिडवे बसले, मालकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मुनीमजी, पट्टीला बोट लावलं न्हाई म्हणजे आमाला कळलं न्हाई असं न्हाई. माझ्या बापानं इचारलं होतं तुमाला एकदा. मी जवळच हुतो. मनला, मुनीमजी, हा कडता कशाचा? काय मनलाव तुमी, हाय का ध्यानात?"

मालक उपरण्याची गाठ चाचपायला लागले. मग बागायतदारांनीच सांगितलं.

"मनलाव, ते वरूनच हाय. आमच्या हातात काय न्हाई."

 मला ती खिडकी आठवली, तो बाबू, तो पंखा. मालकांनाही आठवली असणार, कारण त्यांनी मान खाली घातली. पण बागायतदारांच्या आवाजात राग नव्हता. ते हसतच होते.

"जाऊ द्या, लई जुनं झालं. पर ती हिकमत आज कामाला येती बगा. शब्दाचे पक्के हाव तुमी, आख्खी आण काई सोडू नका. निस्ता कडता धरा तिच्यातनं. आमच्या पोत्यातनं धरायचाव तसा. पायापुरता."

मालकांनी जरा विचार केला. मुनीम तो मुनीमच. म्हणाले, "आण पायाचीच हाय. पायापुरतं कापलं तर मागं उरतं काय?"

"आमचं बी तसंच व्हायचं, मुनीमजी."

 मग मालकांना हसू फुटलं. पहिल्यांदा खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. हसतायत का रडतायत ते आम्हाला कळेना, त्यांनाही कळत नसावं. हसता हसताच त्यांनी पाय पुढं केले, आणि काकूंनी त्या वहाणा त्यांच्या पायात घातल्या. काकूंनी येळवसंच्या पांडवांना पुन्हा एकदा हात जोडले.

जखम भरायला लई दिवस लागले. रोज पट्टी बदलावी लागायची. डॉक्टरांनी झापलं ते वेगळंच. पण पाय राहिला, अंगठाही राहिला. वहाणा परत करायला मालक स्वतः औशाला जाऊन आले आणि येताना तुरीची पिशवी घेऊन आले. म्हणाले, "घेत न्हवतो. बळंच दिली. वजन बी करू दिलं न्हाई."

पाय बरा झाल्यावर बिल भरायला मला पुन्हा घेऊन गेले. तीच खिडकी, तोच बाबू. मालकांना पाहून त्यानं बिचाऱ्यानं आधीच हात जोडले. मालकांनी बिल पुढं केलं, स्थिर आकारावर बोट ठेवलं. बाबू सवयीनं म्हणाला, "काका, ते वरूनच..."

"म्हाईत हाय, बाबा," मालक म्हणाले. "लई वर्षं मी बी तेच सांगितलंय." आणि पैसे दिले. भांडायचं सोडलं असं नाही. हमाल दाखवा, हमाल दाखवा, हे त्यांनी बाबूला त्याही दिवशी ऐकवलं, पण चपला घालून.

पुढच्या एक तारखेला भाड्याची चिठ्ठी आली. भाडं, मोटरीचे, जिन्याच्या दिव्याचे, टाकी धुण्याचे. तिथंच संपली. बायकोनं चिठ्ठी उलटी करून पाहिली आणि मग खाली उतरली. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो.

"मालक, किरकोळ लिहायचं राहून गेलं का?"

मालक बाजेवर बसून पायाला तेल चोळत होते. हात थांबला.

"न्हाई, वैनी. राहिलं न्हाई."

"मग आता तरी सांगा की, कशाचं होतं ते?"

मालकांनी तिच्याकडं पाहिलं, मग आपल्या तळव्याकडं पाहिलं.

"खरं सांगू का वैनी," ते म्हणाले, "कशाचं हुतं ते मला बी म्हाईत न्हवतं."